सिमेंट रस्त्याच्या खर्चाची माहिती कशी मागावी?

प्रश्न: नागपुरातल्या आमच्या वस्तीतला सिमेंट रस्ता वर्षभरात उखडला. माहिती अधिकाराचा अर्ज नेमका कसा लिहायचा?

उत्तर: भाऊ, "रस्ता खराब का झाला" असं विचारू नका. कायद्यात कागद मिळतो, खुलासा नाही. अंदाजपत्रक, कार्यादेश (कंत्राटदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश), मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीची) पानं, काँक्रीटच्या क्यूब चाचणीचे (मजबुतीच्या चाचणीचे) अहवाल आणि दोषदायित्व कालावधी (कामातल्या दोषांची जबाबदारी कंत्राटदारावर असते ती मुदत) लिहिलेली करारनाम्याची प्रत मागा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं! तो कालावधी संपला नसेल तर दुरुस्ती कंत्राटदाराच्याच खर्चानं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत हवा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा.

उत्तर: रस्ता महापालिकेचा, नागपूर सुधार प्रन्यासचा की पीडब्ल्यूडीचा (सार्वजनिक बांधकाम खात्याचा), इथेच बरेच अर्ज अडकतात. चुकीच्या ठिकाणी गेला तरी कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच ५ दिवसांत पुढे पाठवायचा असतो. पोच मात्र घ्याच.

प्रश्न: ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर?

उत्तर: पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. मुदत टळल्यावर कलम ७(६) नुसार प्रती फुकट द्याव्या लागतात, तेही अपिलात लिहा ताई. त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील, राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे.