बायपास झालीय, पेज दिली तर चालेल का?

गुहागरची_सून
लोकहो, लवकर सांगा. ह्यांची परवा बायपास झाली, चिपळूणला ॲडमिट आहेत. सासूबाईंनी पहाटे उठून उकड्या तांदळाची पेज केली, मामंजी सकाळच्या एसटीने डबा घेऊन आले, अजून कोमट आहे. हे म्हणतात दोन चमचे तरी दे. सिस्टर म्हणतात, संध्याकाळी राउंडला विचारू. पेज म्हणजे शेवटी पाणीच ना? शिवाय खांदा ठणकतोय, कॉटवरून खाली उतरायला तयार नाहीत.

खाडीपट्टा
पेज बिनधास्त द्या, मीठ मात्र बेताने. माझी 2016 मध्ये झाली. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायला लावा, हाड सांधायला दीड-दोन महिने जातात. खांदा डावा का? डावा असेल तर ताबडतोब ईसीजी काढायला सांगा.

आंबोळी
पायाची शीर काढली असेल ना? तो पाय सुजलाय का बघा.

गुहागरची_सून
काका, छाती आणि पाय कुठून आले? पोटाची बायपास, वजनाची. 128 किलो होते हे. लिहिलं नव्हतं का मी?

आंबोळी
नाही.

खाडीपट्टा
मग आधी सांगायचं. तरी उशीचं लक्षात ठेवा, पोटाशी धरली तरी खोकताना बरं वाटतं.

काजूबी
128 किलोसाठी कापाकापी? आमच्या मेव्हण्याने रात्रीचा भात सोडून 14 किलो कमी केलं. नाचणी, कुळीथ आणि समुद्रावर चालणं. आजकाल लोकांना धीरच नाही.

रात्रपाळी
काजूबी, ऑपरेशन होऊन गेलंय. आता काय टाके उसवायला सांगू?
ताई, मी सर्जिकल वॉर्डात 11 वर्षं आहे. पेज देऊ नका. बायपासमध्ये जठराचा वरचा छोटासा भाग वेगळा करून लहान आतडं थेट त्याला जोडतात. त्यात साधारण 30 मिली मावतं आणि जोड अजून ओला आहे. तुम्हाला औषधाचं इवलंसं टोपण दिलं असेल, ते त्यासाठीच. तेवढं पाणी, तेही घोट-घोट, पंधरा मिनिटं लावून. पेजेतली शितं तिथे अडकली तर उलट्या, आणि उलट्यांचा ताण टाक्यांवर.
खांदा: दुर्बिणीतून करताना पोट गॅसने फुगवतात. उरलेला गॅस छाती-पोटामधल्या पडद्याला टोचतो आणि दुखतं खांद्यात. चालल्यावर तो कमी होतो.
आता सांगा: मॉनिटरवर नाडी किती? ताप? दम लागतोय का? पोटदुखी वाढतेय का?

तिवळ
कोकम सरबत द्या, गॅस लगेच मोकळा होतो. आजीचा उपाय आहे.

रात्रपाळी
साखरेचं मुळीच नाही. जठरात थांबायला जागाच नाही, साखर तडक आतड्यात जाते. घाम, धडधड, गरगर सुरू होईल.

तिवळ
आमच्याकडे सरबतात गूळ असतो.

मालवणी_मिरी
गो बाय, आधी डॉक्टरांक इचार. हयसर इचारून काय गावतला?

गुहागरची_सून
नाडी 88, ताप नाही, पोट कालपेक्षा बरं आहे. दमाचं कळत नाही. तीन बॉलचं प्लास्टिकचं यंत्र दिलंय, ओढून दोन बॉल वर जातात, तिसरा हलतच नाही. हे त्याच्याकडे रागाने बघत बसलेत.

रात्रपाळी
दोन जातायत ना, चांगलं आहे. तासाला दहा वेळा ओढायला लावा. नाडी 120 च्या वर गेली, ताप आला किंवा धाप लागली तर इथे लिहीत बसू नका, बेल दाबा. ते जोडातून गळतीचं लक्षण असू शकतं.

खाडीपट्टा
चालण्याबद्दल असहमत. मोठ्या ऑपरेशननंतर आठ दिवस पडून राहावं. आमच्या वेळी हललो की ओरडायचे.

रात्रपाळी
काका, पडून राहिलं की पोटरीत रक्ताची गुठळी होते आणि ती फुप्फुसात जाते. पोटात रोज ते बारीक इंजेक्शन त्यासाठीच देतात. उठवा त्यांना, सलाइनचा स्टँड धरून कॉरिडॉरच्या टोकापर्यंत.

दापोली_वारा
अवांतर: क्लेम मंजूर झाला का? पॉलिसीत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) किमान 40 ची अट असते, किंवा 35 आणि सोबत अनियंत्रित मधुमेहासारखा आजार. माझा 37 आहे. बीएमआय किती होता?

काजूबी
बघा, आता ह्यांनाही करायचंय.

गुहागरची_सून
अपडेट. सिस्टरने डॉक्टरांना फोन केला. पेज नाही, पण वरची निवळ फडक्यातून दोनदा गाळून, टोपणाने, आणि ते सुद्धा पाणी टिकलं म्हणून. तीन टोपणं झाली, चौथ्याला स्वतःच नको म्हणाले. ह्या माणसाने जन्मात पहिल्यांदा जेवणाला नको म्हटलं, मामंजी बघतच राहिले. दोन फेऱ्या मारल्या, दुसऱ्या फेरीत मोठा ढेकर आला आणि खांदा म्हणे निम्मा हलका झाला.
उरलेली पेज मी कॉरिडॉरच्या बाकावर बसून लिंबाच्या लोणच्याशी संपवली. ह्यांना सांगू नका.

दापोली_वारा
बीएमआय?