गेममध्ये सण घातला की खेळाडू "बरं, पुढे?" म्हणतात

वीसचा_फासा
दर रविवारी आमच्याकडे डी अँड डी असतं, म्हणजे फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ. पाच खेळाडू, आणि गोष्ट चालवणारा डीएम मी. गेल्या खेपेला गावात 'दीपोत्सव' ठेवला. कंदील, नाच, मधाची दारू, सगळं हौसेने लिहून नेलं होतं. चोराचं पात्र खेळणाऱ्याने विचारलं, "गर्दीत किती खिसे कापता येतील?" फासा पडला, पंधरा मोहरा मिळाल्या, सण संपला. तुम्ही कसं करता?

आचऱ्याचा_चाकरमानी
कंदील सोड, आमची गावपळण घे. मालवण तालुक्यातलं आचरा. तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर. गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. रानात झापांच्या राहुट्या, रात्री भजनं, आणि गावात दिवा नाही की चूल नाही. परतायचं तेही कौल मिळाल्यावरच.
मी सातवीत होतो तेव्हा आमची एक कोंबडी मागे राहिली. मी रडकुंडीला आलो, तर आजी म्हणते, "रवांदे तिका. देव बघतलो." त्या रात्री मला झोप नाही. काळोखात गावाकडे बघत बसलो होतो.
तुझ्या पात्रांच्या टोळीला नेमकं त्याच दिवशी पोचव. सराय रिकामी, वैद्य नाही, दुकान बंद. वेशीबाहेर म्हातारी भाकरी देईल, पण आत जाऊ नका म्हणेल. गाव कोणासाठी मोकळं केलंय ते मात्र सांगू नकोस. आणि देवाचं नाव बदल हां, आमच्या रामेश्वराला फाशावर बसवू नको!

बडग्या_नागपूर
मी पोळा घातला होता. आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून म्हणतात ना, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या". आमच्या ड्रुइडने, म्हणजे रानातल्या मांत्रिकाने, प्राण्यांशी बोलायचा मंत्र टाकला. बैल म्हणाला, "मागच्या पोळ्यालाही हेच म्हणला होता. परवापासून पुन्हा तुतारीची काठी टोचली." अर्धा तास बैलाचीच बाजू ऐकत बसले सगळे. दुसऱ्या दिवशी कोणत्याही जनावरावर ओझं टाकायचं नाही, हा गावाचा नियम. आमचा पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, घोड्याचा लगाम धरून चिखलातून दोन कोस पायी. लय शिव्या खाल्ल्या मी.
आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, मारबत, म्हणजे मोठा पुतळा! आमच्याकडे काळी मारबत १८८१ पासून निघते. "ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत मिरवायची आन् जाळायची. सोबत बडगे, म्हणजे वर्षभरात ज्याने लोकांना छळलं त्याचे पुतळे. तुझ्या चोराने खिसे कापले ना? पुढच्या वर्षी त्याच गावात त्याचाच बडगा काढ. नाकासकट.

वीसचा_फासा
बडगा राखून ठेवलाय. काल गावपळण खेळलो. म्हातारीने नको म्हटल्यावर चोर अर्थातच आत गेला, मागोमाग बाकीचे. तिसऱ्या घरात परसाकडून खुडबुड आली. चौघांनी शस्त्रं उपसली, पाचवा पळाला. तिथेच थांबवलं.
कोंबडीच आहे. रविवारपर्यंत सांगणार नाही.