‘सिग्नलिंग’ला संदेश म्हणावे की संकेत?

प्रश्न: फळमाशीच्या अळीच्या पोटात पंख, डोळे, पाय यांच्या चकत्या (पुढे ज्यांतून हे अवयव घडतात ते पेशींचे चपटे पुंजके) आधीपासून असतात. तिथल्या पेशी एकमेकींना काहीतरी कळवतात आणि त्यावरून कोणी काय व्हायचं ते ठरतं. यावर मराठीत लिहिते आहे. ‘सेल सिग्नलिंग’ला मी ‘संदेशवहन’ लिहिलं, पण टपाल आल्यासारखं वाटतं. दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर: ‘संकेत’ घ्या. संदेशात मजकूर असतो, तो ज्याच्या हाती पडेल त्याला वाचता येतो. संकेताचा अर्थ मात्र आधी ठरलेला असावा लागतो. (वेबसाइट येण्यापूर्वी ‘संकेतस्थळ’ म्हणजे भेटीसाठी ठरवलेली जागाच होती.) पेशींचं असंच आहे. नॉच हा ग्राही (शेजारणीची खूण टिपणारं प्रथिन) पंखाच्या चकतीत मधल्या रेषेवर जागा झाला की तिथे पंखाची कड घडते. तोच नॉच पाठीवरचे राठ केस उगवतात तिथे जागा झाला, तर ती पेशी केस घडवायचं सोडून साधी त्वचा होते. खूण एकच, पण घेणारीची तयारी निराळी.

प्रश्नकर्ती: पटलं. ‘वहन’चं काय?

उत्तर: नॉचपुरतं तरी नको. डेल्टा हे प्रथिन देणाऱ्या पेशीच्या पटलात रुतलेलं, नॉच घेणारीच्या पटलात. अंगाला अंग लागल्याशिवाय काही होत नाही. लागलं की नॉच तुटतो आणि त्याचाच आतला तुकडा केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतो. डीपीपीसारखी प्रथिनं पेशीबाहेर पडून दूरवर पसरतात, तिथे ‘वहन’ खुशाल लिहा.

आणखी एक मत: ‘संदेश’ टाळायला याहून मोठं कारण आहे. ‘संदेशवाहक आरएनए’ (जनुकातली प्रथिनाची कृती नेणारा रेणू) हा शब्द रुळलेला आहे, आणि तिथे खरोखरच मजकूर असतो. दोन्हीकडे ‘संदेश’ आला तर विद्यार्थी गोंधळणारच.

प्रश्नकर्ती: आणि ‘नॉच’ला ‘खाच’ म्हणू का?

उत्तर: जनुकांची नावं बदलू नका, पण अर्थ एकदा जरूर सांगा. जनुकाची एक प्रत गेली की माशीच्या पंखाच्या कडेला खाचा पडतात, म्हणून ते नाव. ‘विंगलेस’ (बिनपंखी) या जनुकाचंही तसंच. ते बिघडलं की पंख येत नाही, म्हणजे त्याचं काम पंख घडवण्याचं. फळमाशीतली बरीच नावं अशी बिघाडावरून पडली आहेत. हे सांगितलं नाही तर वाचक उलटाच अर्थ लावतो.

आणखी एक मत: ‘पेशी’च ठेवा, हिंदीतलं ‘कोशिका’ नको. कीटकांच्या लेखात ‘कोष’ म्हणजे अळीनंतरची अवस्था.