इंग्रजी वक्तृत्व स्पर्धा: मुलीचं भाषण मी किती दुरुस्त करावं?

सातारकरीण
नमस्कार. मी जपानमध्ये, नागानोत, सरकारी माध्यमिक शाळेत इंग्रजीची सहायक शिक्षिका आहे. आमची एक आठवीतली मुलगी ताकामादो चषकाच्या प्रांतिक फेरीत उतरतेय. १९४९ पासून चालत आलेली स्पर्धा, ५ मिनिटांचं भाषण, अंतिम फेरी टोकियोत.

विषय तिच्या आजोबांची सफरचंदाची बाग. पहिल्या कागदावर तिने मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, ‘आजोबांचा हात झाडाची साल. मी हात धरते, झाड धरते.’ मी बसून सगळं नीटनेटकं केलं. आता तिथे ‘माझे आजोबा फार कष्टाळू आहेत’ असं बिनचूक वाक्य आहे आणि ती ते एका सुरात घडाघडा म्हणते. परवा ऐकताना पोटात कालवलं. भाषण माझं झालंय, तिचं राहिलेलं नाही.

तीन आठवडे उरलेत. जुनं परत आणू, की उच्चारांवर वेळ देऊ? ‘ॲपल’चं अजून ‘आप्पुरु’ होतं. प्रत्येक शब्दावर तिने काताकाना लिपीत उच्चार लिहून ठेवलेत.

ओसाकाचा मास्तर
ताई, हाताचं वाक्य आजच परत आणा. व्याकरणापुरतं बोट लावा, उपमेला नको. एवढं नव्याने पाठ करायला तीन आठवडे रग्गड झाले.

काताकाना मात्र खोडायला लावा. त्या लिपीत ‘न’ सोडला तर सुटं व्यंजन लिहिताच येत नाही, मग प्रत्येकाला स्वर चिकटतो. अक्षरागणिक एक टाळी धरली तर ‘ग्रँडफादर’ तीन टाळ्यांचा शब्द, काताकानात त्याच्या आठ टाळ्या होतात. मी मुलांकडून खरंच टाळ्या वाजवून घ्यायचो. आठावरून तीनावर आलं की वाक्याची चाल आपोआप बदलते.

निवृत्त बाई, नाशिक
जपानीत र आणि ल वेगळे नाहीत ना? मग हातात आरसा द्या. ‘ल’ला जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवून तिथेच धरू दे.

आणि बाळा, स्वतःकडेही बघ. आपण मराठी माणसं ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्हीला ‘व’ म्हणतो. ती तुझंच ऐकून शिकणार. ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठावर, ‘डब्ल्यू’ला ओठांचा चंबू.

सूर शिकवू नकोस. आधी तिला हेच सगळं जपानीत आजोबांना सांगू दे.

सातारकरीण
दोघांचे मनापासून आभार. पहिला कागद मी जपून ठेवला होता. तो पुढे केला तर म्हणाली, “पण हे चुकलेलं होतं ना?” चूक माझी होती, असं तिला स्पष्ट सांगितलं. मग दोघींनी मिळून फक्त क्रियापदं सरळ केली.

टाळ्या तीनावर आल्यात. आज ‘हात’ म्हणताना ती थांबली, स्वतःचा तळवा पाहिला आणि मग पुढे बोलली. हे मी शिकवलेलं नव्हतं. रविवारी ती आजोबांकडे बागेत जाणार आहे, कागद न घेता.