ॲप बंद असताना नोटिफिकेशन दिसत नाही: परवानगीचा घोळ आहे का?

भांडुपकर:
नमस्कार मंडळी. दिवसा अकाउंट्स बघतो, रात्री शिकत शिकत आमच्या सोसायटीसाठी एक छोटं अँड्रॉइड ॲप केलंय. काम एकच. पाणी सुटलं की वॉचमन बटण दाबतो आणि ४२ घरांना मेसेज जातो. (मुंबईचं बरंचसं पाणी आमच्या भांडुपलाच शुद्ध होतं, पण आमच्या गल्लीचा वॉल्व फिरतो पहाटे पावणेपाचला. झोप लागली की दिवसभर बादल्या.)

फायरबेसवरून (गुगलची मेसेज पोचवणारी सेवा) डेटा मेसेज, म्हणजे स्वतःहून स्क्रीनवर न दिसणारा मेसेज पाठवतो, तो मिळाला की ॲपच नोटिफिकेशन दाखवतं. माझ्या जुन्या अँड्रॉइड ११ वर झकास चालतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या नव्या फोनवर मात्र शुकशुकाट. लॉग काढला तर मेसेज ४:४६ ला पोचलेला, एरर एकही नाही! मॅनिफेस्टमध्ये (ॲपला काय काय लागतं ते सांगणारी फाइल) नोटिफिकेशनची परवानगी लिहिली आहे. ॲप काढून माझ्यासमोर पुन्हा टाकलं, तर चाललं. काकू म्हणतात, "तुझं ॲप कुंभकर्ण आहे रे."

लोकलचा_प्रवासी:
बॅटरी सेव्हर बंद करा, ऑटोस्टार्ट चालू करा. आमच्याकडे दहातल्या नऊ तक्रारी तिथेच मिटतात.

कोडवाली_ताई:
मेसेज ४:४६ ला पोचलाय ना? मग बॅटरीवर आळ नको.

मॅनिफेस्टमध्ये लिहिणं म्हणजे नुसता अर्ज भरणं. २०२२ मधल्या अँड्रॉइड १३ पासून ॲप चालू असताना माणसाला विचारून होकार घ्यावा लागतो, आणि नव्याने टाकलेल्या ॲपची नोटिफिकेशन्स तोवर बंदच असतात. होकार नसेल तर सिस्टीम तुमचं नोटिफिकेशन गुपचूप गिळते, एरर येतच नाही. अँड्रॉइड ११ मध्ये ही परवानगीच नाही, म्हणून तुमच्या फोनवर केलेल्या टेस्टला अर्थ नाही. आता सांगा, विचारता कुठे?

भांडुपकर:
ॲप पहिल्यांदा उघडलं की लगेच. नकार आला तर पुढच्या वेळी पुन्हा.

कोडवाली_ताई:
तिथेच गोची. दोनदा नकार दिला की परवानगी विचारणारी चौकट पुन्हा दिसतच नाही, तुम्ही कोडमधून कितीही मागा. ॲप काढून टाकलं की पाटी कोरी होते, म्हणून तुमच्यासमोर चाललं.

"पाणी आल्यावर मला उठवा" असा एक स्विच ठेवा आणि तो चालू केल्यावरच परवानगी मागा. तेव्हा समोरच्याला कशासाठी ते कळलेलं असतं. शिवाय ॲप उघडेल तेव्हा दरवेळी नोटिफिकेशन्स चालू आहेत का ते तपासा. नसतील तर वर एक पट्टी आणि थेट ॲपच्या नोटिफिकेशन सेटिंग्जमध्ये नेणारं बटण. नोटिफिकेशन चॅनल (ॲपच्या नोटिफिकेशन्सचा एक गट) बनवतानाच त्याचं महत्त्व 'हाय' ठेवा, नंतर ॲपला वाढवता येत नाही.

मेसेजची प्रायॉरिटीही हाय असू द्या, पहाटे फोन डोझमध्ये, म्हणजे बॅटरी वाचवणाऱ्या गाढ झोपेत गेलेला असतो. आणि मेसेजला मुदत घाला, वीसेक मिनिटांची. नाही घातली तर फायरबेस मेसेज चार आठवडे धरून ठेवतं. रात्री फोन बंद ठेवणाऱ्याला दुपारी बाराला "पाणी आलं" दिसेल, मग ऐका शिव्या.

भांडुपकर:
ताई, सापडलं! काकूंना विचारलं. नातवाने बजावलंय म्हणे, फोनने काही विचारलं की 'नको' दाबायचं. फसवणुकीचे इतके किस्से ऐकल्यावर त्याचं तरी काय चुकलं? स्विच केला, मुदत १५ मिनिटं ठेवली. आज ४:४४ ला काकू उठल्या, मला उठवायला दारात हजर.

पण दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना अजून काहीच येत नाही, परवानगी दिलेली असून. रोज रात्री सेटिंग्जमध्ये जाऊन सगळी ॲप्स 'सक्तीने थांबवा' करून झोपतात.

कोडवाली_ताई:
सक्तीने थांबवलेल्या ॲपला ते पुन्हा उघडेपर्यंत मेसेज मिळत नाही. त्यावर कोडमध्ये इलाज नाही.

भांडुपकर:
वॉचमनला सांगितलंय, आजोबांची बेल वाजव.