मदत हवी आहे: 18 विंटेज कपडे, एक मॉडेल आणि स्टुडिओचे 8 तास

सुईदोरा
कपड्यांचा छोटा व्यवसाय आहे, मॉडेल घेऊन रीतसर फोटोशूट पहिल्यांदाच करायचंय. 18 कपडे आहेत. त्यातले 12 नवे शिवलेले, 1950च्या दशकाच्या धाटणीचे फ्रॉक: कंबर आवळलेली, खाली भरपूर घेर. उरलेले 6 खरोखरचे जुने, 1930 ते 1960 मधले, प्रत्येकाचा एकच नग. केस-मेकअपला एक जण आहे. हेच फोटो विक्रीच्या पानावर आणि जाहिरातीत वापरायचेत.
एवढं एका दिवसात उरकेल का? जुन्या कपड्यांचं काय जपायचं? आणि शेवटी सगळ्यांना सेपिया फिल्टर मारला की जुना लूक येईल ना?

तिरकी_टीप
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. सेपिया नको. कोडाक्रोम ही रंगीत फिल्म 1935 सालची. 1950च्या दशकातली फॅशन मासिकं चांगली रंगीत, ठसठशीत लाल-पिवळी असत. पिवळट फोटो बघून तो काळ आठवत नाही, मोबाइलमधलं फिल्टर आठवतं. आणि विक्रीच्या पानावर मोतिया फ्रॉक बदामी दिसला की गिऱ्हाईक तो परत पाठवणारच.

म्हणून दोन संच काढा. विक्रीसाठी समोरून, मागून आणि एक जवळून, खऱ्या रंगात. दर वेळी प्रकाश बदलला की पहिल्या फोटोत ग्रे कार्ड (ठरावीक राखाडी रंगाचं पुठ्ठ्याचं कार्ड) धरायचं, म्हणजे रंग नंतर नेमका जुळवता येतो. जाहिरातीसाठी एक-दोन फोटो वेगळे, तिथे काय ते नाटक करा.

आता वेळ. नव्या कपड्याला 15 मिनिटं धरा, जुन्याला 25, कारण चढवायला-उतरवायलाच निम्मा वेळ जातो. 12 नव्यांचे 3 तास, 6 जुन्यांचे अडीच. एक केशरचना बदलायला 40 मिनिटं, जेवायला 30, आवराआवरीला 30. झाले 7 तास 10 मिनिटं. बसतंय, पण मेकअप आणि केसांची पहिली दीड-दोन तासांची बैठक स्टुडिओचं घड्याळ सुरू व्हायच्या आधी उरकली तरच. कपड्यांचा क्रम केशरचनेप्रमाणे लावा, रंगाप्रमाणे नाही. जुने कपडे सकाळी घ्या. दुपारनंतर मॉडेलला घाम येतो आणि सगळ्यांचे हात घाईला येतात.

विरलेलं_रेशीम
सहा जुने कपडे आधी खिडकीशी धरून उजेडाच्या विरुद्ध बघा. रेशमात घडीच्या रेषेवर बारीक समांतर चिरा दिसल्या तर तो कपडा अंगावर घालायचाच नाही. वजन यावं म्हणून त्या काळी रेशमाला धातूचे क्षार पाजत. असं रेशीम नुसत्या श्वासाच्या ताणानेही फाटतं आणि ते दुरुस्त होत नाही. पुतळ्यावर चढवून फोटो घ्या.

1930च्या आसपासच्या कपड्यावर टिकल्या असतील तर त्यावर वाफ अजिबात नको. त्या जिलेटिनच्या असू शकतात, वाफेने वितळून चिकटतात. जुना रेयॉन क्रेप ओला झाला की आक्रसतो. त्याला कोरडी, कोमट इस्त्री उलट्या बाजूने, मधे सुती कापड ठेवून. उरेब (तिरपा) कापलेला कपडा हँगरवर टांगू नका, आपल्याच वजनाने लांबतो. आडवा ठेवा.

चढवताना: चेन बहुतेक डाव्या कुशीत असते, धातूची असते आणि अडते. ती पूर्ण उघडायची, दातांवरून मेणबत्ती फिरवायची. मॉडेलच्या चेहऱ्यावर पातळ रेशमी रुमाल टाकायचा, हात वर, कपडा डोक्यावरून. रुमाल नसेल तर गळ्याच्या आतल्या पट्टीला फाउंडेशनचा डाग पडतो आणि तो निघत नाही. चेन लावताना दोन्ही कडा एका हाताने जवळ आणायच्या, म्हणजे ताण दातांवर येत नाही. काखेत घामाचे पॅड लावा.

लेबलवरच्या साइझवर जाऊ नका, जुने आकडे आजच्यांशी जुळत नाहीत. छाती, कंबर, नितंब, पाठीची रुंदी टेपने मोजा. जुन्या कापडात लायक्रा नसतो, त्यामुळे मॉडेलची कंबर कपड्याहून 2-3 सेंटिमीटर कमीच हवी.

उजेडवाला
कॅमेरा कुठे धरता यावर अर्धा काळ ठरतो. रोलायफ्लेक्स कॅमेरा 1929 पासूनचा, आणि तो पोटाशी धरून वरून खाली बघायची. त्यामुळे फोटो कमरेच्या उंचीवरून निघत, पाय लांब आणि माणूस ऐटदार दिसे. आजचा कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरला की घेराचा फ्रॉक बुटका दिसतो. ट्रायपॉड कमरेला आणा.

फुल फ्रेम (35 मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा आणि 85 मिमी लेन्स असेल तर डोक्यापासून पायापर्यंत मोकळी फ्रेम मिळायला साधारण 5 मीटर मागे जावं लागतं. स्टुडिओ तेवढा खोल आहे का, आजच विचारा. नसेल तर 50 मिमी, 3 मीटरवरून. त्याहून वाइड नको. पार्श्वभूमीचा कागद 2.72 मीटर रुंदीचाच घ्या. 1.35चा कागद 85 मिमीलासुद्धा पुरत नाही, मॉडेल त्याच्यापुढे 2 मीटर उभी राहिली की दोन्ही कडा फ्रेममध्ये येतात.

1950साठी एकच मोठा सॉफ्टबॉक्स (दिव्यावरची प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी), 120 सेंटिमीटरच्या आसपास, 45 अंशांवर, चेहऱ्याहून जरा वर. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल लावायची सवय असते, तिथे काळा लावून बघा. कमरेचा आवळा सावलीनेच उठून दिसतो. 1930च्या कपड्याला कडक दिवा, समोरून आणि उंचावर, नाकाखाली छोटी सावली पडेल असा. कॅमेऱ्याच्या सेटिंगची सुरुवात एफ 8, 1/125, आयएसओ 100. जाहिरातीच्या फोटोत जुन्या फिल्मसारखा दाणा हवा असेल तर तो नंतर घाला.

सुईदोरा
खूपच आभार. नवे फ्रॉक मॉडेलला थोडे सैल होतील, मागे क्लिपा लावून घेऊ का? आणि कॅनकॅन (घेर फुलवणारा जाळीचा परकर) सगळ्यांखाली लागेलच का?

तिरकी_टीप
कॅनकॅन लागेलच. 1947मध्ये फ्रेंच डिझायनर दिओरने आणलेली ती बाह्याकृतीच आतल्या थरांवर उभी आहे. नुसत्या कापडावर घेर पायांना चिकटून साध्या स्कर्टसारखा लोंबतो. एकच आणा, पण किमान तीन थरांचा आणि फ्रॉकपेक्षा 3-5 सेंटिमीटर आखूड.

क्लिपा नव्यांना चालतील, जुन्यांना नाही. पण 3-4 सेंटिमीटरपेक्षा जास्त ओढू नका. जास्त ओढलं की कुशीची शिवण पाठीकडे सरकते आणि समोरच्या फोटोत तिरकी दिसते. शिवाय मागचा फोटो क्लिपा काढूनच घ्यावा लागतो, मग दोन्ही फोटोंत कपडा वेगळा.

बटवा
केस-मेकअपचं कुणी बोललं नाही म्हणून: फोटो आजचा आहे हे उघडं पाडतात त्या जेलच्या लांब नख्या, चिकटवलेल्या दाट पापण्या आणि चमकणारा हायलायटर. मॉडेलला आठवडाभर आधी कळवा. त्या दिवशी सैल कपड्यांत यायला सांगा, इलॅस्टिकचे वळ जायला तासभर लागतो.

मॉडेल आणि फोटोग्राफर दोघांशीही लेखी करार हवा: फोटो कुठे, किती काळ, पैसे देऊन केलेल्या जाहिरातीत चालतील का. एखादा नुसतं "वेबसाइटसाठी" असं लिहून घेतो आणि जाहिरातीच्या वेळी अडतो.

सुईदोरा
नवा हिशोब: दोन रेशमी कपड्यांत चिरा निघाल्या, ते पुतळ्यावर, मॉडेल जेवत असताना. खोली मोजली, साडेपाच मीटर. म्हणजे कागद आणि मॉडेलमधलं अंतर धरून 50 मिमीच. कॅनकॅन उद्या येतोय.

तिरकी_टीप
आला की लगेच पाकिटातून काढा आणि उलटा टांगा, कंबर खाली. आदल्या रात्री थरांमधून वाफ फिरवा. शूटच्या दिवशी घडीतून काढलेला कॅनकॅन संध्याकाळपर्यंत फुलत नाही.