इंटेलची नवी पिढी: दोन वर्षं थांबलो ते यासाठी?

रावेरचा व्हिडिओवाला

रामराम मंडळी. लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग हा माझा धंदा. सात वर्षांचा सहा कोरचा पीसी आता थकलाय. कॅमेरा फोर-टू-टू टेन-बिटमध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती धरणाऱ्या जड फॉरमॅटमध्ये, रेकॉर्ड करतो. ती क्लिप टाइमलाइनवर टाकली की चित्र जागेवर थिजतं आणि वाजंत्री पुढे निघून जाते. मग आधी सगळ्या क्लिपांच्या प्रॉक्सी, म्हणजे हलक्या नकला, करा आणि नंतर कामाला बसा. एका हळदीच्या शूटमागे एक रात्र निव्वळ त्यात जाते.

म्हणून पैसे बाजूला टाकत गेलो. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरची १४वी पिढी आली, ती १३वीलाच रंगसफेदी केल्यासारखी होती. म्हटलं, अजून एक वर्ष कळ काढू. २४ ऑक्टोबर २०२४ ला कोअर अल्ट्रा २०० मालिका आली आणि सगळ्या चाचण्या वाचून मन खट्टू झालं. गेमिंगमध्ये या मालिकेतली सगळ्यात वरची चिप २८५के बऱ्याच ठिकाणी इंटेलच्याच १४व्या पिढीतल्या १४९००के च्या मागे. हायपर-थ्रेडिंग, म्हणजे एका कोरकडून एका वेळी दोन कामं (थ्रेड) करून घ्यायची सोय, काढून टाकली. जुन्या १४६००के ला १४ कोर आणि २० थ्रेड होते, तिथे नव्या २४५के ला १४ कोर आणि १४च थ्रेड. रेंडरिंगमध्ये थोडी पुढे आहे, ते मान्य. पण तेवढ्यासाठी चिप बसवायचं सॉकेट नवं (१८५१), म्हणजे मदरबोर्ड नवा. रॅम फक्त डीडीआर५, म्हणजे माझी ३२ जीबी डीडीआर४ कपाटात.

सगळं बदलायला लावता, तर निदान कुठल्याच कामात मागे तरी जाऊ नका. एवढी अपेक्षा चुकीची आहे का?

भुसावळकर

भाऊ, तुमचं दुःख कळतं, पण तुलना चुकतेय. १४व्या पिढीवाल्याने नाक मुरडलं तर ठीक. तुम्ही सात वर्षांपूर्वीच्या सहा कोरवरून येताय. तुम्हाला २४५के सुद्धा आकाशपाताळाचा फरक दाखवेल.

दुसरं, विजेचं कोणी बोलतच नाही. नवी चिप तैवानच्या टीएसएमसीकडे ३ नॅनोमीटरवर बनलीय आणि खास करून गेमिंगमध्ये जुनीपेक्षा बरीच कमी वीज खाते. पुण्या-मुंबईच्या एसीत बसून चाचणी घेणाऱ्याला त्याचं काही वाटणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. माझ्या खोलीवर पत्रे आहेत. दुपारी कॅबिनेटवर हात ठेवला की चटका बसतो. लाइट गेली की यूपीएस किती मिनिटं धरेल, हे वॅटवरच ठरतं. आपल्याला हीच पिढी हवी होती.

रावेरचा व्हिडिओवाला

विजेचा मुद्दा शंभर टक्के पटतो. पण तुम्ही गेमिंगमधली बचत सांगताय आणि माझं काम पूर्ण लोडचं. तासभराचा व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की सगळे कोर भिडतात. कागदावर २८५के ची कमाल मर्यादा २५० वॅट, १४९००के ची २५३. दोन्हींना कूलर तगडाच लागणार.

धुळ्याचा हार्डवेअरवाला

मी रोज पीसी असेंबल करतो म्हणून सांगतो. गेमिंगमध्ये मागे पडण्याचं एक मोठं कारण रचनेत आहे. या पिढीत चिपचे वेगवेगळे तुकडे जोडलेत आणि मेमरी कंट्रोलर कोरपासून वेगळ्या तुकड्यावर गेलाय. रॅमपर्यंत जाऊन यायला वेळ लागतो, आणि गेमला तोच वेळ नडतो. कामगिरीत गडबड आहे हे इंटेलने नंतर कबूल केलं, बायोस आणि विंडोजचे अपडेटही दिले. त्याने थोडं सुधारलं, मूळ चित्र बदललं नाही.

गिऱ्हाईक विचारतं, मग १४वी घेऊ का? तिथे व्होल्टेजचं प्रकरण. १३व्या-१४व्या पिढीच्या चिपा जादा व्होल्टेजने कायमच्या खराब होत होत्या. ऑगस्ट २०२४ ला मायक्रोकोड (चिपच्या आतली दुरुस्ती करणारा अपडेट) आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तरी लोक घाबरतात आणि मी त्यांना दोष देत नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

चोपड्याचा एएमडीप्रेमी

मग इंटेलची स्पर्धक एएमडी आहे ना भो! एएम५ सॉकेट २०२२ चं, आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही चालवू असा कंपनीचा शब्द आहे. आज तिची रायझन ९६००एक्स चिप बसवा, पुढे त्याच बोर्डावर नवी चिप.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगतो, ऑगस्ट २०२४ ला रायझन ९००० आली तेव्हा आम्हीही हिरमुसलो होतो. ९७००एक्स गेमिंगमध्ये मागच्या पिढीतल्या ७७००एक्स पेक्षा जेमतेम पुढे होती. खरी मजा नोव्हेंबरात ९८००एक्स३डी ने आणली.

रावेरचा व्हिडिओवाला

सॉकेटच्या बाबतीत एएमडी सरळ वागते, त्यासाठी मान आहेच. पण माझी अडचण फोर-टू-टूची. त्या एच.२६५ क्लिपा इंटेलचं क्विक सिंक (चिपमधल्या ग्राफिक्समधली व्हिडिओ उघडायची सोय) हार्डवेअरवर उघडतं, रायझनमधल्या ग्राफिक्सला ते जमत नाही. माझी रात्र तिथेच वाचणार आहे.

नंदुरबारची विद्यार्थिनी

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये चौथ्या पिढीचे पीसी आहेत. त्यावर विंडोज ११ रीतसर चढत नाही, आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुम्ही सगळे पाच-दहा टक्क्यांवर भांडताय. आम्हाला बारावी पिढी मिळाली तरी सोनं आहे.

धुळ्याचा हार्डवेअरवाला

ताई लाखमोलाचं बोलली. रावेरकर भाऊ, तुम्हीही बाराव्या पिढीचाच विचार करा. व्होल्टेजच्या भानगडीत ती नाही. डीडीआर४ चा बोर्ड मिळतो, तुमची ३२ जीबी चालून जाईल आणि फोर-टू-टू सुद्धा उघडेल. फक्त नावात ‘एफ’ असलेली चिप घेऊ नका, तिच्यात ग्राफिक्सच नसतं.

भुसावळकर

२०२१ ची पिढी आता? तीन वर्षांनी परत खर्चात पडतील.

रावेरचा व्हिडिओवाला

पडेन कदाचित. पण अक्षय तृतीयेच्या आत मशीन उभं पाहिजे, पाच लग्नं बुक आहेत. हार्डवेअरवाले भाऊ, बाराव्या पिढीतली १२७०० आणि डीडीआर४ बोर्डाचा भाव व्यक्तिगत निरोपात टाका. उरलेल्या पैशांत एडिटिंगच्या खोलीला एसी बसवतो, म्हणजे भुसावळकरांचाही मुद्दा राहील.